बंद डब्यावर आलेला आळ

मी एक जुना, आवाज वाहून नेणारा ट्रान्सफॉर्मर आहे. मित्रांनो, काडेपेटीएवढ्या धातूच्या बंद डब्यात माझे आयुष्य गेले. माझ्या अंतरंगात काय आहे, हे कोणासही दिसत नाही. म्हणूनच की काय, संशय प्रथम माझ्यावर येतो.

कारखान्यातील एका काकूंनी भिंगाखाली केसाहून बारीक तारेची दोन वेटोळी माझ्यात गुंडाळली. ती परस्परांस शिवत नाहीत, तरीही आवाज एकातून दुसऱ्यात जातो. दोन तारांनी तो येतो, दोन तारांनी जातो. पाचवी तार अर्थिंगची. एका यंत्राची घूंघूं दुसऱ्यात शिरू न देणे, हेच माझे कर्तव्य.

दोघा भावांच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मला धाकट्याने बसविले. तेथे थोरल्याची पत्नी अंध श्रोत्यांसाठी पुस्तके वाचीत असे. स्वच्छ आवाजाची स्तुती होई, परंतु ती सर्व माईकच्या वाट्यास जाई.

एके सकाळी थोरल्याने नवी केबल जोडली आणि घूंघूं सुरू झाली. त्याने धाकट्याकडे रोखून पाहिले.

"खरा डबा काढून नकली बसवलास ना?"

"दादा, शुद्धीवर आहेस का?"

"थांब, मीटरच सांगेल."

त्याने डब्याचे तारांकडील झाकण काढून माझ्या तारांना मीटर लावला. मित्रांनो, मीटरच्या बॅटरीचा प्रवाह अंगात शिरताच वेटोळ्यांमधला माझा लोखंडी गाभा चुंबक बनला! वहिनींनी दोन ओळी वाचून पाहिल्या, तो त्यांचे खालचे स्वर घोगरे निघाले.

"बघ! नकलीच!"

धाकट्याने हत्यारांची पिशवी उचलली. "सांभाळ तुझी खोली. मी चाललो."

"अहो," वहिनी पतीस म्हणाल्या, "काल साव होता तो आज चोर झाला? आज केबलला हात कोणी लावला?"

"मीच. पण केबलवरची तारेची जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला पक्की जोडलीय, हलायची नाही!"

दारातून धाकटा कडवट हसला. "एकाच टोकाला जोडायची असते, दादा. घूंघूंला तूच मागचं दार उघडून दिलंस."

त्याने परत येऊन जाळीचे एक टोक कापले. घूंघूं थांबली. मग माझ्यातून एक खर्जाचा सूर सोडून तो हळूहळू चढविला, हळूहळू उतरविला. माझा घोगरेपणा गेला.

"चहा घेतोस?" थोरल्याने खाली मान घालून विचारले.

"नको. आधी डब्याचं झाकण लाव, माझ्यासमोर."

मित्रांनो, बंद वस्तूस उगाच मीटर लावू नका. माझ्यातील चुंबक एका सुराने उतरला. धाकट्याची पिशवी मात्र अजून दाराजवळच ठेवलेली असते.