भरमूच्या घोट्यावरची पट्टी

तुमच्या घरात लुगडं विरलं की त्याच्या काठाचं काय करता हो? वाकळेला लावता ना? माझंही तेच व्हायचं होतं. मी एका इरकली लुगड्याच्या लाल काठाची पट्टी बोलतेय.

माझा जन्म मागावरचा. निपाणीच्या बाजारात एका बापानं लेकीच्या लग्नासाठी ते लुगडं घेतलं. लेक म्हणजे गुणाबाई. ती विड्या वळायची. मांडीवर सूप घेऊन बसली की तंबाखूची भुकटी माझ्यावर सांडायची. पुढं लुगडं गुडघ्यावर विरलं, दोन ठिकाणी फाटलं. मी मात्र तशीच घट्ट राहिले.

तिचा नवरा भरमू तंबाखूच्या वखारीत हमाल होता. पोती भरायची, दोरीनं आवळायची, थप्पीला लावायची, हे त्याचं काम. पण गावात त्याची ओळख वेगळी होती. दरवर्षी यात्रेच्या शर्यतीत तो अनवाणी पळायचा. देवळापासून हायवेपर्यंत आणि परत. बक्षिसाचा नारळ आणि फेटा बहुतेक वेळा त्याच्याच घरी यायचा.

अठ्ठ्याहत्तर साली थप्पीवरचं पोतं त्याच्या पायावर पडलं. घोटा मोडला. प्लास्टर काढलं तेव्हा पिंढरी काठीसारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. आधी चाला, मग पळा." भरमू चालला, वखारीतही जाऊ लागला, पण पळण्याचं नाव काढेना. कुणी यात्रेचा विषय काढला की उठून बाहेर जायचा. रात्री जेवणही कमी झालं. गुणाबाईला पायापेक्षा त्याचीच काळजी जास्त होती.

ती त्याला "पळा" असं कधीच म्हणाली नाही. एका सकाळी तिनं जुन्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडला, मला त्याच्या घोट्याला गुंडाळलं आणि म्हणाली, "अवो, विड्यांची टोपली लई जड झालीया. कारखान्यापतोर घ्या की."

टोपली नेहमीएवढीच होती. तो ती डोक्यावर घेऊन निघाला. ती मागून चालत होती.

दारात बसलेली शेजारीण शेवंताबाई हसली, "व्हय गं गुणा, नवऱ्याला हमाल केलंस व्हय?"

"हमालच हाईत की. मी फकस्त मजुरी देत न्हाय," गुणाबाई म्हणाली. भरमूही हसला. बऱ्याच दिवसांनी.

मग हे रोजचंच झालं. जाताना टोपली असायची, येताना हात मोकळे. मोकळ्या हातांनी तो भरभर चालू लागला. एक दिवस वाटेवरच्या चिंचेच्या झाडापर्यंत पळत गेला आणि तिची वाट बघत उभा राहिला. ती पदर सावरत पोचली, पण काही बोलली नाही. तिला वाटलं, बोललं तर तो लाजेल.

पुढं तो पहाटे एकटाच पळू लागला. निघण्याआधी ती मला बांधायची. विडीला दोरा बांधावा तशी तिची बोटं चालायची. घोटा धरला जायचा, पण कुठं काचायचं नाही.

यात्रा आठवड्यावर आली असताना एका पहाटे ती पाणी आणायला नळाला गेली होती. भरमूला दम निघेना. त्यानं मलाच उचललं, गुडघ्यानं दाबलं, सगळा जोर लावून आवळलं आणि पोत्याची गाठ मारली. मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते. चिंचेजवळ त्याचा पाय बधिर झाला आणि तो कोसळला.

लंगडत घरी आला, मला सोडून चुलीजवळ फेकलं. "संपलं, गुणे. ह्यो पाय आता पळायचा न्हाय."

गुणाबाईनं घोटा दाबून बघितला. सूज नव्हती. कातडीवर माझे लाल वळ तेवढे उठले होते.

"पट्टी कुणी बांधली?"

"मीच की."

"पाय हाय का तंबाखूचं पोतं? आवळल्यालं पोत्याला काय कळतंय?"

"ढिली बांधली तर सुटंल न्हवं!"

तिनं सुपातली एक वळलेली विडी आणि दोरा त्याच्या हातात दिला. "ह्येला बांधा."

त्यानं ओढलं. पान फाटलं. दुसरी विडी ढिली बांधली, तर तंबाखू मांडीवर सांडला. तिसरी नीट बसली.

"आता पाय," ती म्हणाली.

त्यानं मला पुन्हा बांधलं. हळू, बोटं लावून बघत. मग अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि पाणी प्यायला.

यात्रेला त्यानं मला स्वतःच बांधलं. गुणाबाई देवळाच्या पायरीवर उभी होती. हायवेकडून पोरं परतली, धूळ उडाली. भरमू मधल्या घोळक्यात होता, पण पळत होता.

"औंदा फेटा न्हाय गं," शेवंताबाई म्हणाली.

"फेटा ऱ्हाऊ दे, आक्का. आज ते पोटभर जेवतील बघा."

आणि तो जेवला. तीन भाकऱ्या. हात धुऊन त्यानं मला सोडलं, घोटा फिरवून बघितला. "उद्या ही नगं."

गुणाबाईनं मला धुऊन दोरीवर टाकलं. मला वाटलं, आता वाकळच. तुम्हाला एवढंच सांगते, जुना काठ टाकण्याआधी एकदा ओढून बघा. तो अजून कामाचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमू मला न बांधता पळायला गेला. गुणाबाईनं विड्यांच्या टोपलीवर फडकं घातलं, ते मला गुंडाळून बांधलं आणि आम्ही दोघी चालत कारखान्याला गेलो.