खिडकीजवळची जागा

मी सतरंजी बोलतेय. तीच, जिच्यावर तुम्ही ऐसपैस बसता आणि उठताना झटकायचंही विसरता. मागावरून उतरले तेव्हा निळी होते. आता माझा रंग विचारू नका.

दर मंगळवारी दुपारी बचत गटाच्या बाया मला शाळेच्या रिकाम्या खोलीत अंथरतात. अकराजणींच्या अकरा ठरलेल्या जागा. मी चेहरे नाही, वजनं ओळखते. अध्यक्षताई टेकल्या की माझी वीण कुरकुरते. खिडकीजवळची शिवणवाली मात्र अगदी हलकी.

तिच्याआधी तिथे तिच्या नवऱ्याची पहिली बायको बसायची, उजव्या गुडघ्यावर भार देऊन. एकदा ती आली नाही. "माहेरी गेलीय," नवरा म्हणाला. बायांनी तिच्या जागेवर पिशव्या ठेवल्या. ती परत आलीच नाही.

गेल्या महिन्यात शिवणवाली आली नाही. नवरा तोच, उत्तरही तेच.

भाजीवाल्या मावशीने सवयीने तिथे पिशवी ठेवली. पिशवी बाजूला सरकली. तिने पुन्हा ठेवली, पुन्हा सरकली. मला वजन जाणवलं. गार होतं, आणि उजव्या गुडघ्यावर जास्त. मी घाबरले, खोटं कशाला सांगू?

मावशीने हात लावून पाहिला. "अगं बाई, इथे कुणी बसल्यासारखा खड्डा पडलाय. आणि किती गार!"

मग अध्यक्षताई म्हणाल्या, "पहिलीला माहेरच नव्हतं गं. मला ठाऊक होतं, तरी मी तोंड शिवून बसले. उठा, आत्ताच्या आत्ता जायचं."

दहाही जणी भर उन्हात निघाल्या. मला गुंडाळायचंही भान नव्हतं. उन्हं कलेपर्यंत खोलीत आम्ही दोघीच होतो, मी आणि ते वजन.

बाया शिवणवालीला धरून घेऊन आल्या. तिच्या घराच्या मागच्या खोलीचं कुलूप फोडावं लागलं होतं.

"मला वाटलं, कुणी येणार नाही," ती म्हणाली.

"मागे आलो नव्हतोच," मावशी रडत म्हणाली.

ती खिडकीजवळ बसली. बसताना, कुणाला जागा करून द्यावी तशी, जराशी सरकली. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आता तिचं मशीन मावशीकडे चालतं. नवऱ्याच्या घरामागची जमीन पोलीस खणताहेत म्हणे. माझ्या कडा उसवल्यात. नवी सतरंजी घ्यायचं चाललंय. घ्या बापडे! पण एखादी आली नाही, तर तिच्या जागेवर पिशवी ठेवू नका. तिच्या घरी जा.

खिडकीजवळची जागा अजून गार आहे.