ज्याची काडी, त्याचं पाणी

कुकर घ्यायचा म्हणजे काय मोठी गोष्ट आहे? दुकानात जावं, दोन-चार हाताळावेत, झाकण लावून-काढून बघावं आणि एक उचलून घरी यावं. पण भांड्यांच्या दुकानाची पायरी चढताना सुनेचा पाय अडखळत होता. मागून कठड्याला धरून येणाऱ्या सासूबाई उलट तिलाच सांगत होत्या, "सावकाश गं, पायरी ओली आहे."

सासूबाईंनी मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभी हयात काढली होती. निवृत्त होऊन घरी आल्या त्या तिथली शिस्त घेऊनच, आणि त्या शिस्तीतला पहिला नियम होता, ज्याची काडी त्याचं पाणी. कुकरात डबा कोणीही ठेवो, शेगडी जो पेटवेल त्याने आधी झाकण उघडून तळात पाणी आहे का ते बघायचं. दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही. सून लग्न होऊन आली तेव्हा या कायद्याला मनातल्या मनात हसली होती.

आता हसू येत नव्हतं. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी बटाट्यांचा डबा कुकरात ठेवला, झाकण लावलं आणि त्या आंघोळीला गेल्या. सुनेच्या कानाला फोन होता. पलीकडे तिची बहीण नवऱ्याची गाऱ्हाणी सांगत होती, आणि दुसऱ्याच्या नवऱ्याची गाऱ्हाणी ऐकताना माणसाला जगाचं भान राहत नाही. तिने फोन खांद्यात धरून काडी ओढली, शेगडी पेटवली आणि गॅलरीत जाऊन बसली. कुकरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. सासूबाई आंघोळीहून येऊन ओट्यापाशी ताटं पुसत असताना धाडकन आवाज झाला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, तळ काळाठिक्कर पडून फुगला, घरभर जळका वास पसरला. कोणाला लागलं नाही एवढंच नशीब.

नवरा आतून धावत आला. "कोणी लावला होता कुकर?"

सासूबाईंनी शेगडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मीच लावला असेन," त्या म्हणाल्या. "मीच ठेवला होता ना."

सून तोंड उघडणार होती. खरंच उघडणार होती. पण नवऱ्याचा चढलेला आवाज ऐकून तिला वाटलं, जरा निवळू दे, मग सांगू. असं मग सांगू म्हणणाऱ्यांचं जे होतं तेच तिचं झालं. संध्याकाळपर्यंत आईने शेगडीला हात लावायचा नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ. आणि सूनबाई मूग गिळून बसल्या. सासूबाई मात्र दाराला कुलूप लावून पुन्हा ते ओढून बघायला लागल्या, चहात साखर घातली का ते सुनेला विचारायला लागल्या. "घातली, आई," असं ती सांगे, आणि स्वतःचा कप गुपचूप मोरीत ओतून देई.

"या आजी, या ताई," दुकानदाराने पंखा सुरू केला. "केवढा दाखवू? आतल्या झाकणाचा की बाहेरच्या?"

एरवी सासूबाईंनी त्याची उलटतपासणी घेतली असती. तळ जाड आहे का, रबरी रिंग सुटी मिळते का, मूठ तापते का, सगळं विचारलं असतं. आज त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी विसरणाऱ्या माणसासाठी काही असलं तर दाखवा."

दुकानदाराला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. तो हसला. "विसरतं कोण, सूनबाई का?"

"नाही हो. ती कसली विसरते! मीच."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. सून मांडणीवरच्या कढया निरखू लागली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाज कोणाला दिसत नाही याची त्याहून जास्त.

दुकानदाराने बटणांचा, विजेवर चालणारा कुकर पुढे आणला. "हा घ्या. पाणी कमी पडलं तर आपणच बंद होतो. याला माणूस लागतच नाही."

"माणूस लागतच नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी बटणांवरून बोट फिरवलं, पण दाबलं एकही नाही. "बरंय. हाच घे गं. मी आपली भाजी निवडून देत जाईन. तेवढं तरी जमेल."

हे मात्र सुनेला सोसलं नाही. "आई, तुम्ही काही विसरला नाहीत," ती एकदम म्हणाली. "कुकर मी लावला होता. काडी मी ओढली. फोनवर बोलत होते, पाणी बघितलंच नाही. चूक माझी आहे."

सासूबाईंचे डोळे भरून आले.

"वेडी कुठली," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेतेस होय?"

"नाही हो आई, खरंच मी..."

"पुरे." त्यांनी तिचा हात धरला. "अगं, मला सगळं आठवलंय. परवा पडल्या पडल्या आठवलं. काडी ओढली, पाणी घ्यायला वळले, आणि ताटं ओली दिसली म्हणून पुसायला लागले. अगदी डोळ्यांपुढे दिसतंय मला."

जे घडलंच नव्हतं ते सासूबाईंना आठवत होतं, आणि ते आठवायला सुनेनेच भाग पाडलं होतं. ती दंतवैद्याच्या दवाखान्यात स्वागताला बसायची. दुखणार नाही हं, असं दिवसभर गोड आवाजात सांगणं हेच तिचं काम. त्याच आवाजात ती पुन्हा "आई, शपथ" म्हणाली, आणि तेही सांत्वनच वाटलं.

"नशीबवान आहात आजी," दुकानदार म्हणाला. "अशी सून शोधून सापडायची नाही."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. सासूबाईंनीच तो घेतला. "ऐक रे, तुझी बायको काय म्हणते ते! म्हणते, कुकर तिने जाळला. माझी चूक स्वतःवर घेते पोर." मग त्यांनी कौतुकाने फोन सुनेच्या हातात दिला.

"आईसाठी तू एवढं करतेस, मला माहीत नव्हतं," नवरा म्हणाला. त्याचा आवाज इतका मऊ तिने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "मी उगाच त्या दिवशी ओरडलो. बरं, डॉक्टरांकडून विचारताहेत, उद्याची वेळ पक्की करू ना?"

खरं सांगायची वेळ पुन्हा आली होती. गोड आवाज सोडून एकदा ओरडून सांगितलं असतं तर त्याने तरी मानलं असतं. पण समोर सासूबाई डोळे पुसत हसत होत्या, दुकानदार कौतुकाने मान हलवत होता, आणि कानात तो मऊ आवाज होता.

"कर," ती म्हणाली.