पाग्यांच्या घोडीच्या अंगातला बर्गी

कोलकात्याच्या बागबाजारात श्यामसुंदर पाग्यांच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारचे काकाबाबू होते, कोपऱ्यावरचा मिठाईवाला दुकान टाकून आला होता, आणि बालीगंजहून, हावड्याहून टॅक्सी करून आलेली आपली मराठी मंडळी तर लग्नाला आल्यासारखी नटली होती. मधोमध बिजली घोडी उभी. गळ्यात महाराजांनी बांधलेलं वीतभर रुंद लाल कापडी कवच, त्यावर झेंडूच्या माळाच माळा. जिने तीन महिन्यांत सागवानी कुंपणाच्या वरच्या फळ्या कुरतडून भुगा केला होता, ती घोडी चक्क कुंपणाकडे पाठ करून उभी होती!

"देखा? भाग गया बर्गी!" जनावरांची भुतं उतरवणारे अश्वनाथ महाराज गरजले. लोकांनी जयजयकार केला, महाराजांच्या गळ्यात हार पडले.

आणि मी, डॉक्टर वैशाली, त्याच घोडीवर तीन महिने उपचार करणारी जनावरांची डॉक्टर, फाटकाशी उभी राहून जळत होते. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला अंधश्रद्धेची चीडबीड काही आली नव्हती. इतकी वर्षं मी शेणामुतात हात घातले, मला कोणी कधी साधं फूल दिलं नाही, आणि हा कालचा आलेला माणूस हारांनी मढला, याने माझं पित्त खवळलं होतं.

बिजली शर्यतीतून निवृत्त झालेली घोडी. श्यामसुंदरने ती लेकीसाठी, सानिकासाठी घेतली. दिवसभर ती एवढ्याशा जागेत बांधलेली, चण्याचा खुराक भरपूर आणि गवत मात्र दोन मुठी. घोड्याचं पोट सतत चरण्यासाठी असतं. ते रिकामं राहिलं की आम्ल उसळतं, आणि एकट्या जनावराचा वेळही जात नाही. मग ते फळीत पुढचे दात रोवतं, मान ताणतं आणि घशातून 'गुप्' करून वारा ओढतं. आम्ही त्याला क्रिबिंग म्हणतो. मी घसा कोरडा करून सांगत होते, हिच्यापुढे दिवसभर गवत ठेवा, मोकळं फिरवा, सोबतीला बकरी आणा. श्यामसुंदरचं एकच पालुपद, "ताई, एखादं औषध द्या ना जालीम!"

महाराजांकडे जालीमच होतं. बर्गी, म्हणजे अठराव्या शतकात बंगालवर चालून आलेले मराठे स्वार. त्यांच्या धास्तीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला, तो इथून, बागबाजारापासून. महाराजांनी डोळे फिरवून सांगितलं, "एक सवार खंदक में गिरके मरा! अब घोडी में घुसके दीवार तोड़ रहा है!"

दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. पण आपली माणसं! पागे म्हणजे पागा सांभाळणारे. श्यामसुंदरची छाती फुगली. "म्हणजे आमचाच कोणी मूळपुरुष की!" जन्मात कधी घोड्यावर न बसलेला हा तिसऱ्या पिढीचा कोलकातेकर, त्याला एका सकाळीत स्वार पूर्वज मिळाला. मराठी मंडळातल्या बायकांनी मूळपुरुषासाठी पुरणपोळ्या आणल्या. मूळपुरुष घोडीत, तेव्हा पोळ्याही घोडीच्याच तोंडात!

"अहो, बर्गी हा खंदक ओलांडायला कधी आलेच नाहीत!" मी म्हटलं. "आणि घोडीला पुरण कसलं चारता?"

श्यामसुंदरची बायको कालिंदी माझ्याजवळ आली. "वैशालीताई, आपल्याआधी आपलं कोणी या गावात होतं, एवढं ऐकूनच बरं वाटतं हो. आणि तुम्हाला तीन महिन्यांत जमलं नाही, ते महाराजांनी एका सकाळीत केलं. जरा मोठ्या मनाने घ्या ना."

मोठं मन! मी तशीच मागे फिरले. कवचाला एकवीस दिवस कोणी हात लावायचा नाही, गवत बंद, फक्त प्रसाद, हे महाराजांचं फर्मान मी चालता चालता ऐकलं. मनात म्हटलं, करा काय करायचं ते, मरा.

बारा दिवस मी त्या गल्लीत फिरकले नाही.

तेराव्या दिवशी दुपारी सानिकाचा फोन आला. नऊ वर्षांची पोर, तिचं मराठी बंगालीचा हात धरून चालतं. "मावशी, बिजली बसते, उठते, बसते. गळा फुलला आहे. मला भय करतं. बाबा बोलतात, कवच धरायचं नाही."

बसते, उठते, हे ऐकलं मात्र, पिशवी उचलली नि धावले.

दर्शनाची रांग होतीच. बिजलीच्या फासळ्या मोजता येत होत्या. घामाने न्हालेली, पायाने माती उकरत होती, पुन्हा पुन्हा वळून पोटाकडे बघत होती. पोटशूळ. असा घोडा संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. मी कात्री काढली.

"हाथ लगाया तो बर्गी तेरे में घुसेगा!" महाराज ओरडले.

"घुसू दे! मी काही पागे नाही, त्याला माझ्यात करमायचं नाही."

श्यामसुंदर आडवा आला. "ताई, कवच काढलं आणि हिचं काही झालं तर?"

"आणि नाही काढलं तर? अरे, मरतेय ती! बघ तिच्याकडे!"

सानिका बापाच्या हाताखालून सरकली आणि तिने बिजलीचा लगाम धरला. मी माळा कापल्या, लाल कापड टराटरा उसवलं. आत जाड चामड्याचा पट्टा, आणि घशाला रुतलेली लोखंडी कमान. खालची कातडी सोलली होती, पू वाहत होता. बायकांनी पदर तोंडाला लावले.

पट्टा सुटताच बिजली लटपटत कुंपणाशी गेली, फळीत दात रोवले आणि 'गुप्'!

"हा पट्टा घोड्यांच्या सामानात विकत मिळतो," मी सांगितलं. "मान ताणली की लोखंड घशात रुततं, म्हणून घोडं वारा ओढायचं थांबतं. माझ्या कपाटातही एक आहे. मी तो घातला नाही, कारण त्याने भूक जात नाही, फक्त तक्रार बंद होते. तुम्ही तर तो फासासारखा आवळलात, वर गवत तोडलंत आणि पुरण कोंबलंत."

"तूने दरवाज़ा खोला, बर्गी वापस आ गया!" महाराज म्हणाले.

"असं? मग महाराज, तुम्ही हा गळ्यात घाला, शेवटच्या भोकापर्यंत आवळा आणि एक पुरणपोळी खाऊन दाखवा."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या भक्ताची आठवण झाली. गर्दीतून ते कधी निसटले, कळलंही नाही. पट्टा मात्र श्यामसुंदरने उचलला. स्वतःच्या गळ्याला लावून ओढला आणि ठसकला. "तेरा दिवस, ताई? तेरा दिवस हे...?"

मी लगेच इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, सगळ्यांना आळीपाळीने बिजलीला चालवायला लावलं. दिवेलागणीला तिने लीद टाकली, म्हणजे पोट मोकळं झालं, आणि सगळं अंगण टाळ्या पिटायला लागलं.

"आता कायमची बरी होईल ना?" कालिंदीने विचारलं.

"ते मी सांगत नाही. सवय जुनी आहे, फळी ती कधीतरी धरणारच. वरच्या कडेला पत्रा ठोका, गवत कमी पडू देऊ नका, रोज फिरवा, हळूहळू कमी होईल. शंभर टक्के सांगणारा माणूस तुम्ही बघितलात ना? बाई, कोणी चमत्कार दाखवला तर आधी त्याला हात लावून बघा. हात लावू देत नसेल, तर तिथेच ओळखा."

कालिंदी खालमानेने म्हणाली, "आम्ही आंधळे झालो होतो."

आणि मी? पहिल्या दिवशी दहा पावलं पुढे गेले असते, तर कापडाखालचा फुगवटा मला बघताक्षणी कळला असता. माझ्याइतकं ते तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मी फाटकाशी उभी राहून महाराजांचे हार मोजत होते, घोडीकडे मी धड बघितलंच नाही. हे मी कालिंदीला त्या संध्याकाळी सांगितलं नाही, आज सांगतेय. बिजलीच्या गळ्यावर आता केस येत नाहीत. तिथे बोटभर रुंद पांढरा वण आहे, आणि त्यातले बारा दिवस माझे आहेत.