सोळाव्या होलचा आकडा

चॅम्पियनने डावा पाय मागे ताणला, हातातल्या क्लबच्या काठीवर भार देत वाकून होलमधून चेंडू काढला आणि सरळ होता होता म्हणाला, "पाच."

"पाच," बारक्या म्हणाला आणि त्याने कार्डावर पाच इतका दाबून लिहिला की पेन्सिलीचं टोक मोडायचंच बाकी राहिलं.

सकाळपासून दोघांत एवढंच बोलणं झालं होतं. चार, चार. पाच, पाच. गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहायचे नसतात. सुरुवातीलाच कार्डांची अदलाबदल होते, याने त्याचं लिहायचं, त्याने याचं. शेवटी दोघांनी सह्या करायच्या. खेळातला हा साधा रिवाज, पण एकेकाळच्या मेहुण्याचं कार्ड मेहुण्याच्याच हाती द्यायचं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यातला प्रकार. तिसरा खेळाडू पाठ धरल्याचं सांगून काल घरी गेला होता, त्यामुळे मध्ये बोलायलाही कोणी नव्हतं.

बारक्या हे नाव त्याला घरात पडलं तेव्हा तो खरंच बारका होता. आता तो छत्तीस वर्षांचा होता, सहा फूट उंच होता आणि चौदा वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळून एकही मोठी स्पर्धा जिंकलेला नव्हता. ताईच्या तेव्हाच्या नवऱ्याने, म्हणजे याच चॅम्पियनने, सात जिंकल्या होत्या. त्याच माणसाने याला क्लब कसा धरायचा ते शिकवलं होतं आणि बारक्या त्याला भावजी भावजी करत मागे मागे फिरला होता. त्याची त्याला आता इतकी लाज वाटायची की ते आठवलं की कानशिलं तापायची.

दोन वर्षांपूर्वी भावजी परगावी सरावाला गेले होते. निदान घरी तसं सांगितलं होतं. फोन आला तो मात्र घरापासून चार गल्ल्यांवर असलेल्या एका इमारतीतून. तिथल्या जिन्यावरून ते गडगडत खाली आले होते आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला होता. हॉस्पिटलमध्ये नर्सने ताईच्या हातात त्यांच्या सामानाची पिशवी दिली. ताईने ती न बघता बारक्याकडे दिली आणि बारक्याने उघडली. वर घड्याळ होतं, पाकीट होतं आणि खाली कोणाच्या तरी घाईत उचललेल्या बायकी चपला होत्या. पुढचं सगळं वर्तमानपत्रांनी घरोघर पोहोचवलं.

ताईने रीतसर काडीमोड घेतला, नोकरी धरली आणि तो विषय कायमचा बंद केला. वैर चालवायला कोणीतरी हवं होतं, ते बारक्याने आपणहून अंगावर घेतलं.

"पायऱ्या सांभाळून, चॅम्पियन!" दोरीपलीकडून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

चॅम्पियनने मान वळवली नाही. दिवसभरात हा विनोद त्याने वीसेक वेळा तरी ऐकला असेल. बारक्याला मात्र प्रत्येक वेळी नव्याने गुदगुल्या होत होत्या.

स्पर्धेच्या दुसऱ्या, म्हणजे आजच्या दिवसाच्या शेवटी पहिले साठजण पुढे जाणार आणि बाकीचे सामान बांधणार, असा नियम होता. दुखापतीच्या नावाखाली चॅम्पियनला मिळालेली सवलत याच स्पर्धेबरोबर संपत होती. आज तो बाहेर पडला तर पुढे त्याला कोणी बोलावणार नव्हतं. वय बेचाळीस, गुडघ्यात लोखंड आणि नावाला काळिमा, अशा माणसाला कोण उंबऱ्याशी उभं करतं? बारक्याला हे सगळं पाठ होतं. स्वतःच्या खेळापेक्षा त्याचं लक्ष त्या गुडघ्यावर होतं. कधी दगा देतोय, याची तो वाट बघत होता.

सोळाव्या होलला दोघांचेही चेंडू डावीकडच्या झाडांत गेले. क्लबच्या पिशव्या वाहणारे दोघांचे कॅडी अंतर मोजायला पुढे गेले होते आणि कॅमेरेवाल्याला झाडांमागचं काही दिसत नव्हतं. चॅम्पियनचा चेंडू उतारावर, उंच गवतात अडकला होता. तो पाय रोवून उभा राहिला. बारक्या दहा पावलांवर होता. चॅम्पियन वाकला, त्याचा गुडघा लटपटला आणि चेंडू बोटभर घसरला.

लागला. क्लब लागला. बारक्याने मनाशी पक्कं करून टाकलं.

चॅम्पियन क्षणभर थांबला, मग त्याने फटका मारला. फटका नेहमीसारखाच देखणा बसला, अंगाचा तिळपापड व्हावा इतका. चेंडू होलभोवतीच्या हिरवळीवर जाऊन पडला आणि पुढच्या दोन फटक्यांत होलमध्ये गेला.

"चार," चॅम्पियन म्हणाला. जरा उशिरा म्हणाला.

बारक्याने त्याच्याकडे पाहिलं. खेळाडूने हलवलेला चेंडू जागेवर न ठेवता तसाच मारला की दोन फटक्यांचा दंड बसतो. म्हणजे हे सहा होते. तिथल्या तिथे हरकत घेणं हे कार्ड लिहिणाऱ्याचं काम.

"चार," बारक्या म्हणाला आणि त्याने चार लिहिला.

त्याच्या अंगात एकदम हलकेपणा आला. करू दे याला सही. सही झाली की पंचांना बाजूला घेऊन सांगायचं. नुसता बाहेर जाणार नाही, लबाड म्हणून जाईल. बायकोला फसवलं तेव्हा निम्म्या लोकांनी खांदे उडवले होते, खेळात फसवलं म्हटल्यावर एकजण उरणार नाही. सतराव्या होलपर्यंत त्याला क्लबची कड चेंडूला टेकताना दिसायला लागली. अठराव्याला तर गवताचं पातं न् पातं दिसत होतं.

शेवटच्या, अठराव्या होलवर चॅम्पियनने वीस फुटांवरून चेंडू होलमध्ये घातला. कोणी टाळी वाजवली नाही. बारक्याने बेरीज केली. चार धरले तर तो साठांत शेवटून आत बसत होता, खुद्द बारक्याच्याच आकड्यावर. सहा धरले तर घरी.

कार्डं तपासायची खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर कुरकुरणारा पंखा. टेबलामागे पंचबाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लटकवलेला. त्यांच्यासमोर दोघांनी कार्डं परत केली. बारक्याने आपलं कार्ड पाहिलं. एकेक आकडा बरोबर होता. त्या हस्ताक्षरात पूर्वी त्याला सरावाची वेळापत्रकं यायची.

पंचबाईंनी चॅम्पियनचं कार्ड वाचायला घेतलं. "चौदावा चार, पंधरावा पाच, सोळावा चार..."

"थांबा," चॅम्पियन म्हणाला. "सोळाव्याला माझा चेंडू हलला होता."

पंचबाईंनी चष्मा चढवला. "तुमच्यामुळे?"

"तेच कळलं नाही. नेमकी त्याच वेळी गुडघ्यात कळ आली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. गवत दबलं असेल, नाहीतर माझा क्लब लागला असेल."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"तेव्हा वाटलं, गवतच असणार. मग दोन होल डोक्यात तेच घोळत राहिलं." त्याने बारक्याकडे न बघता अंगठा त्याच्या दिशेने केला. "हा तिथेच उभा होता. याला विचारा. हा म्हणेल ते लिहा, मी सही करतो."

एवढा वेळ जपून ठेवलेला घास कोणी ताटासकट पुढे सरकवावा, तसं झालं. लबाड म्हणता येणार नव्हतं, पण बाहेर काढणं अजूनही त्याच्याच हातात होतं.

"तुम्ही पाहिलंत?" पंचबाईंनी विचारलं.

"पाहिलं. क्लब लागला."

"बरं." त्यांनी कागद पुढे ओढला. "मग कार्डावर चार का लिहिलंत, ते नंतर बघू. क्लब नेमका कुठे होता? चेंडूच्या मागे टेकवलेला होता की अधांतरी?"

"मागे..." बारक्याने सुरुवात केली.

"मागे म्हणजे? जमिनीला टेकलेला?"

सांगायचं म्हणून त्याने ते चित्र पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. उतार आला, गवत आलं, करडी विजार आली. विजारीच्या आत वर आलेला गुडघ्याचा पट्टा आणि त्याखाली लटपटणारी पोटरी आली. चेंडू कुठेतरी कडेला, पुसट, घसरताना आला. क्लब मात्र येईना. तो खालपासून वरपर्यंत शोधत राहिला, पण त्या चित्रात क्लब नव्हताच. जे होलमागून होल रंगवत आणलं होतं, ते सगळं त्याने स्वतःच रंगवलेलं होतं.

पंचबाई पेन धरून थांबल्या होत्या. नुसतं "हो, टेकलेला" म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

"मी पाहिलं नाही," बारक्या म्हणाला.

"आत्ता तर म्हणालात, पाहिलं."

"चेंडू हलताना दिसला. क्लब नाही पाहिला."

"दहा पावलांवरून? मग तुम्ही बघत कुठे होतात?"

बारक्याने टेबलाच्या कडेकडे पाहिलं. "गुडघ्याकडे."

चॅम्पियनने पहिल्यांदाच मान वळवली.

पंचबाईंनी पुढे ओढलेला कागद बाजूला सारला. "खेळाडूमुळेच हलला याची खात्री नसेल तर दंड नाही," त्या म्हणाल्या. "चार राहतील. सह्या करा."

चॅम्पियनने सही केली. पेन्सिल बारक्याकडे सरकवताना त्याच्या चेहऱ्यावर आभार वगैरे काही नव्हते. उलट कोणीतरी न विचारता अंगावरचं पांघरूण ओढून काढावं, तसा तो दिसत होता. लोकांची हुर्यो त्याने दिवसभर सोसली होती, पण बारक्या आपल्या गुडघ्याकडे बघत होता, हे त्याला सोसवेना. बारक्याने सही केली.

"तुमचा दोघांचा आकडा एकच आहे," पंचबाई कार्डं फाइलमध्ये ठेवत म्हणाल्या. "यादीत तळाचे आधी खेळतात, तेव्हा उद्या पहिली जोडी तुमचीच. सकाळी सात वीस."

बारक्याने दार उघडलं. बाहेर अजून लोक होते. मागून चॅम्पियन पाय ओढत आला आणि त्याच्या बाजूला थांबला. आत्ता हा काही बोलला तर काय करायचं, हे बारक्याला सुचेना.

"बारक्या," चॅम्पियन म्हणाला, "उद्या चेंडूकडे बघ."

आणि तो कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरायला लागला. बारक्या वर उभा राहून बघत होता, आणि नजर कुठे ठेवायची हे काही केल्या त्याला कळत नव्हतं.