लाल पाव आण्यावरचा अंगठा

मित्रांनो, मी पाव आणा. शंभरी उलटलेला, अस्सल तांब्याचा, आणि खोटं कशाला बोलू, एकेकाळी रंगाचा भारी तोरा असलेला.

कलकत्त्याच्या टांकसाळीत १९०१ साली माझ्यावर राणीचा ठसा बसला, तेव्हा मी नव्या घागरीसारखा लालबुंद होतो. माझी भावंडं बाजारात गेली, हजार हातांनी मळली, काळवंडली. मी मात्र राजोडीच्या एका बागायतदाराच्या हाती नवाकोरा पडलो. त्याने मला मेणकापडात गुंडाळून सागाच्या पेटीत ठेवलं ते ठेवलंच. नव्वद वर्षांत मी ना चिमूटभर मीठ विकत घेतलं, ना एक विडी. समुद्र हाकेच्या अंतरावर. तिथली खारी हवा दाराच्या कड्यांनासुद्धा सोडत नाही, पण माझ्यापर्यंत ती कधी पोचली नाही.

१९९१च्या मे महिन्यात पेटी उघडली ती रेवाने. त्या बागायतदाराचे नातू हरिश्चंद्र आणि त्यांची बायको यमुना, यांची ही एकुलती एक लेक. वय वर्षं नऊ. वाडीतली केळी खाऊन आली होती, हात चिकट. "आई, बघ, राणीचं नाक दाबते," म्हणाली आणि तिने माझ्यावर अंगठा टेकवला. यमुनाने हसत मला तसंच गुंडाळून ठेवलं. जुलैत रेवा तापाने गेली.

हरिश्चंद्रांनी तिचे फ्रॉक, पाटी, वह्या, सगळं वाटून टाकलं. कुणी तिचं नाव काढलं की ते उठून वाडीत निघून जायचे. मग कुणी नाव काढेनासंच झालं.

दिवाळीच्या आधी यमुनाने मेणकापड उलगडलं आणि तिचा हात तिथेच थबकला. माझ्या लाल अंगावर एक तपकिरी अंगठा उमटला होता, रेष न् रेष मोजून घ्यावी असा. चिकट बोटाचा ठसा तांब्यावर लगेच दिसत नाही, तो सावकाश चढतो. मुलगी गेली आणि मागाहून तिचा अंगठा आला. खरं सांगतो, मला माझीच भीती वाटली. दर पावसाळ्यात तो गडद होत गेला. हवेत ओल चढली की वाटायचं, पोर अजून दाबतेच आहे.

दर वाढदिवसाला यमुना मला कडेने धरून उजेडात न्यायची. "आज सतरा पूर्ण झाली हो माझी बाय," असं एकदा म्हणाली. अंगठा मात्र नऊ वर्षांचाच राहिला होता. नवऱ्याला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं तर हेही घराबाहेर जाईल, अशी तिला धास्ती होती.

२००३ साली विरारहून चंद्रहास आले. नोकरदार गृहस्थ, पण नाण्यांचं वेड. प्रदर्शनासाठी जुनी नाणी शोधत वाड्या पालथ्या घालत होते. यमुना तेव्हा माहेरी गेली होती. हरिश्चंद्रांनी पेटी काढली. चंद्रहासांनी मला भिंगाखाली धरून दोन्ही बाजूंनी उलटून पालटून पाहिलं.

"काका, तपकिरी पाव आणे पैशाला पासरी मिळतात. थोडी लाली उरली असली तरी लोक मागे लागतात. आणि हा तर अख्खा लाल. याला मी मधोमध मांडीन, तुमच्या आजोबांच्या नावाची पाटी लावून." मग ते हळहळले. "फक्त हा अंगठ्याचा डाग नसता ना, तर याच्या तोडीचं नाणं जिल्ह्यात सापडलं नसतं."

"रविवारी या," हरिश्चंद्र म्हणाले.

देवघरातलं तांबं सणाआधी चिंच-मिठाने घासायचं, हे त्यांच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी चिंच कोळली, मीठ घेतलं, वर चुलीतली राख घेतली, आणि आजोबांच्या मानासाठी मला अगदी मायेने चोळलं. आधी अंगठ्याच्या कडेच्या रेषा गेल्या, मग मधला भोवरा गेला. मी ओरडलो असतो, पण तांब्याला तोंड कुठे? "आता कसा दिसतोस!" म्हणत त्यांनी मला पंच्याला पुसलं.

रविवारी चंद्रहासांनी मला हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं.

"काका, घासलंत याला?"

"चकचकीत झाला ना?"

"हा त्याचा रंग नव्हे. भाजलेल्या कातडीसारखा गुलाबी पडलाय. घासलेल्या तांब्याला जाणकार विचारत नाहीत. डागासकट तो लाखात एक होता. चूक माझी आहे, मी तुम्हाला बजावायला हवं होतं."

यमुना त्याच सकाळी माहेराहून परतली होती. चहा घेऊन ओटीवर आली आणि तिने मला पाहिलं. कपबशा खाली ठेवल्या.

"अहो, तो डाग नव्हता. आपल्या रेवाचा अंगठा होता."

बारा वर्षांनी त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं. हरिश्चंद्र या वेळी उठून गेले नाहीत. मला तळहातावर घेऊन बसून राहिले. "मला का नाही गं सांगितलंस?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तुम्ही ऐकलं असतंत?" यमुना म्हणाली.

चंद्रहास चहा न घेताच निघून गेले.

आता माझी जागा खिडकीत आहे. खाऱ्या हवेने वर्षभरात मला तपकिरी करून टाकलं, सगळीकडून सारखं. माझा तोरा गेला, त्याचं मला दुःख नाही. दुपारी हरिश्चंद्र चष्मा लावून मला उजेडात फिरवतात. "रेवाचं काही दिसतंय का गं?" यमुना वाकून बघते आणि मान हलवते. आणि मित्रांनो, पाऊस लागला की तो चिमुकला अंगठा मला अजून अंगावर जाणवतो. हे त्या दोघांना मी कसं सांगू?

म्हणून तुम्हाला विनवतो. घरातल्या जुन्या वस्तूवर डाग दिसला, तर चिंच भिजत घालण्याआधी आपल्या माणसांना विचारा, हा कुणाचा. हरिश्चंद्रांचं तेवढं विचारायचं राहून गेलं, आणि आता ते रोज विचारतात.