मला बूच लावणार होते!

मी एक जुना पितळी नळ आहे, आणि मित्रांनो, जुना असल्याची मला जराही लाज वाटत नाही. भट्टीत वितळलो, साच्यात ओतला गेलो, कानस खाऊन गुळगुळीत झालो आणि एका घराच्या अंगणात उभ्या पाइपावर येऊन बसलो. त्या घरातले दोघे भाऊ माझ्याखालीच दंगा करत न्हाऊन मोठे झाले. त्यांची आत्या मला लिंबू लावून घासायची. मी सोन्यासारखा दिसायचो.

मग भाऊ वेगळे झाले. अंगणात भिंतीसाठी दोरी ताणली, तर मी थोरल्याच्या बाजूला वीतभर आत!

"याला बूच मारा," तो प्लंबरला म्हणाला. "मी घरात नवा बसवतोय."

"आणि आम्ही पाणी कुठून भरायचं?" धाकट्याने विचारलं.

"तो तुझा प्रश्न."

प्लंबरने पाना काढला. मी घट्ट आवळून बसलो. सहजासहजी निघणार नव्हतो!

तेवढ्यात आत्या बाहेर आली. दुकानांच्या पाट्या लिहायचं तिचं काम. त्यासाठी ती नवा बोरू, म्हणजे गवताच्या पोकळ काडीची लेखणी, तासत होती. तिने त्याचा एक पोकळ तुकडा थोरल्याच्या हातात दिला.

"डोळ्याला लाव. काय दिसतं?"

"काय दिसणार? धाकट्याचं तोंड."

"या बोरूच्या जातीला संस्कृतात नल म्हणत. आपण त्याचं नळ केलं. नळी, नळकांडं, सगळी याचीच पोरं. आतून पोकळ, आलेलं पुढे देतो, म्हणून नळ. साठवून ठेवते ती टाकी. याच्यावर कसली रे मालकी सांगतोस?"

"शब्दांनी हद्द बदलत नाही, आत्या."

"नको बदलू दे. मी इथून हलत नाही."

आणि बादली पालथी घालून ती माझ्यासमोर बसली. ऊन डोक्यावर आलं तरी उठेना. शेवटी थोरल्याची बायको घागर घेऊन आली. माझ्याखाली भरली, कमरेवर घेतली आणि दोरी ओलांडून सरळ जावेच्या स्वयंपाकघरात गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, "त्यांच्याकडे सकाळपासून चूल खोळंबलीय."

थोरल्याने हातातला बोरूचा तुकडा आत्याला परत दिला. मग प्लंबरला म्हणाला, "वायसर तेवढा बदला आणि निघा."

भिंत झालीच. पण माझ्या दोन्ही अंगांना हात हात मोकळी जागा सोडून.

मित्रांनो, पोकळ म्हणून कुणी मला हिणवलं तर मी मान खाली घालत नाही. भरीव असतो तर थेंबभर तरी पाणी आलं असतं का? गळायला लागलो तर वेळेवर दुरुस्त करा, मला उघडा टाकून जाऊ नका. पण मला 'माझा' म्हणू नका. मी ऐकणार नाही. या, घागर भरा आणि बाजूला व्हा. मागे कुणीतरी उभं आहे.